लेकीच्या गोष्टीतली मुलगी घर सोडून गेली, आता मी काय करू?

आधी पत्र थोडक्यात सांगते, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

पत्र लिहिणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या आहेत, लेक १३ वर्षांची. लेक लहान असताना रोज रात्री त्या तिला मनाने रचून गोष्टी सांगायच्या, त्यातूनच मुलांसाठी लिहायचा नाद लागला, काही कथा छापूनही आल्या. गेली ३ वर्षं एक कादंबरी लिहितायत. १२ वर्षांचा मुलगा, त्याची आजी जाते, आणि आजीचं अर्धवट राहिलेलं एक काम तो सुट्टीत पुरं करतो. ६२ हजार शब्दांचा पहिला ड्राफ्ट झाल्यावर प्रिंट काढून सगळ्यात आधी लेकीच्या हातात दिला. लेकीने ३८व्या पानावर सोडला. "हे लहान मुलांचं आहे गं आई", बस, एवढंच म्हणाली. मग महिनाभराने घरच्या लॅपटॉपवर लेकीचं अकाउंट उघडं राहिलं आणि त्यात तिने लिहिलेल्या गोष्टी सापडल्या. ताईंनी ३ वाचल्या. एकीतली मुलगी रात्री घर सोडून जाते आणि परत येतच नाही. दुसरीत पहिल्याच वाक्यात आई मेलेली आहे. तिसरी एका कार्टून मालिकेतली पात्रं घेऊन लिहिलेली फॅन फिक्शन. तेव्हापासून ताईंची झोप उडालीय. लेक आतून दुःखी आहे का? वाचलं हे तिला सांगू का? ती पुस्तक हातात धरत नाही, सारखा मोबाईल, तिला वाचनाकडे कसं वळवू? त्यात घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलंय की मुलांच्या पुस्तकात मरण नको, काढून टाक. आणि शेवटी एक वाक्य आहे जे वाचून मला गलबलून आलं: "जिला स्वतःच्या मुलीला ३८ पानं धरून ठेवता आलं नाही तिने मुलांसाठी लिहावं तरी कशाला?"

सोबत कादंबरीची ३० ते ४५ ही पानं पाठवलीयत.

ताई, तुमचं पत्र मी ३ वेळा वाचलं आणि ती पानं ४ वेळा. पानांबद्दल खूप बोलायचंय पण आधी लेकीचं बोलू, कारण झोप त्याने उडालीय.

तुम्ही तिच्या गोष्टी वाचल्यात आणि त्यात लेक शोधलीत. आई म्हणून ते होणारच, त्यात तुम्हाला दोष देत नाही. पण एक प्रश्न विचारते, राग मानू नका. तुमच्या कादंबरीत आजी मरते. उद्या तुमच्या आईने ते वाचलं आणि रडत विचारलं की बाळे तुला मी नकोशी झालेय का, तर तुम्ही काय म्हणाल? तुम्ही म्हणाल अगं आई ती गोष्ट आहे, मला त्या मुलाला एकटं पाडायचं होतं, म्हणून आजी गेली. अगदी हेच उत्तर तुमच्या लेकीकडेही असू शकतं. तुम्हाला जी मोकळीक हवी ती तिला का नको?

आता लेखिका म्हणून विचार करा, आई म्हणून नको, थोडा वेळ. मुलांच्या नि किशोरांच्या गोष्टींमध्ये आईवडील इतक्या वेळा मेलेले, गावाला गेलेले, आजारी नाहीतर कामात बुडालेले का असतात? कारण आई घरात असली की गोष्ट पुढे सरकत नाही. पोराने काही करायच्या आत आई येऊन निस्तरते. एस. ई. हिंटन नावाच्या अमेरिकन मुलीने पंधराव्या वर्षी एक कादंबरी लिहायला घेतली, पोरांच्या २ टोळ्या, मारामाऱ्या, खून, आणि ज्या ३ भावांची गोष्ट आहे त्यांचे आईवडील कादंबरी सुरू व्हायच्या आधीच अपघातात गेलेले. १९६७ साली पुस्तक आलं तेव्हा ती १८ वर्षांची होती, आणि किशोरांसाठीच्या कादंबरीला त्या पुस्तकाने नवं वळण दिलं असं आजही मानतात. आपल्या वयाच्या पोरांचं खरं आयुष्य कुठल्याच पुस्तकात नाही म्हणून मी लिहिलं असं तिने पुढे सांगितलंय. तुमच्या लेकीने पहिल्या वाक्यात आईला बाजूला केलं, याचा अर्थ कदाचित एवढाच असेल की गोष्टीची पहिली खुबी तिला कोणी न शिकवता सापडली.

आणि दुसरं म्हणजे या वयाच्या मुलांना डायरी कुठली आणि गोष्ट कुठली हे चांगलं कळतं. अॅन फ्रँकची डायरी आपल्या सगळ्यांना माहीत असते, पण नाझींपासून लपून राहत असतानाच, १९४३ मध्ये, १४ वर्षांची असताना तिने गोष्टींसाठी वेगळी वही केली होती. डायरीची जागा वेगळी, गोष्टींची वेगळी. ज्या पोरीला मनातलं सांगायचं असतं ती बऱ्याचदा ते सरळ लिहिते, आणि जिला काहीतरी घडवून बघायचं असतं ती गोष्ट लिहिते. दोन्ही एकमेकांत मिसळतात हेही खरं, आपलं नाही का मिसळत, पण गोष्टीवरून निदान करायला बसलं की हमखास चुकतं. घर सोडून जाणारी मुलगी लिहिणाऱ्या कितीतरी मुली आपल्या खोलीत, आपल्या गादीवर, पाय दुमडून निवांत बसून ते लिहीत असतात. जाऊन बघायची ती सगळ्यात सुरक्षित पद्धत आहे.

तरीही काळजी कधी करायची हे स्पष्ट सांगते, कारण हे वाचणाऱ्या इतर आईबापांनाही लागेल. गोष्ट बाजूला ठेवून पोर कशी आहे ते बघा. झोप, जेवण, मैत्रिणी, आवडीच्या गोष्टी, यात काही आठवडे टिकलेला ठळक बदल आहे का? ती स्वतःबद्दल, गोष्टीतल्या पात्राबद्दल नव्हे तर स्वतःबद्दल, मी नसलेलीच बरी असं काही बोलते का? अंगावर जखमा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, शाळेला जायची अचानक भीती? नाहीतर गोष्टीत एखाद्या खऱ्या ओळखीच्या माणसाचे, खऱ्या जागेचे तपशील पुन्हा पुन्हा येतायत आणि तिथे पात्राला कोणीतरी इजा करतंय असं दिसतंय का? यातलं काही असेल तर वाट बघू नका, तिच्याशी बोला, समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. तुमच्या पत्रात मला यातलं काहीच दिसलं नाही. तुम्हीच लिहिलंयत की मैत्रिणींशी हसत-खिदळत असते, जेवते, भांडते. म्हणून मी तुम्हाला सांगते की आज रात्री झोपा.

आता, सांगायचं का? हो. सांगायचं, आणि लवकर. लपवलंत तर तुमच्या तोंडून एक ना एक दिवस तिच्या गोष्टीतला एखादा शब्द निसटेल, तिच्या लक्षात येईल, आणि मग वाचल्यापेक्षा लपवल्याचं जास्त लागेल तिला. कसं सांगायचं तर अगदी थोडक्यात. लॅपटॉप उघडा होता, तुझ्या ३ गोष्टी मी न विचारता वाचल्या, चुकलं माझं, यापुढे तू दिल्याशिवाय उघडणार नाही. संपलं. त्याच दमात "पण किती छान लिहितेस गं" म्हणू नका, खरं असलं तरी, कारण तिला ते लाडीगोडी लावल्यासारखं वाटेल. "पण ती मुलगी घर सोडून का गेली" हे तर अजिबातच नको. ती चिडेल, दार आपटेल, पासवर्ड बदलेल, बदलू दे, तो तिचा हक्क आहे.

मग काही दिवसांनी, आठवड्यांनी, कधीतरी ती विचारेल, कशा वाटल्या. कदाचित पाठमोरी असताना विचारेल, मुलं असले प्रश्न तोंडाकडे बघून विचारत नाहीत. तेव्हा तुम्ही आई न होता वाचक व्हा. कुठे पुढे वाचावंसं वाटलं, कुठे गोंधळलात, कुठलं वाक्य अजून डोक्यात आहे, एवढंच सांगा. एकच प्रश्न विचारायचा असेल तर पात्राबद्दल विचारा, ती निघताना बरोबर काय काय घेते हे तू कसं ठरवलंस, असा. शुद्धलेखन काढू नका, ऱ्हस्व-दीर्घ नंतर येतं, येत राहतं.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र बोलून घ्यायला हवी, आणि ती गोष्टीच्या विषयाशी जोडू नका, वेगळ्या दिवशी बोला. ती हे कुठल्या अॅपवर टाकते का, टाकत असेल तर खरं नाव, शाळा, राहतो तो भाग, फोटो यातलं काही तिथे दिसतंय का, अनोळखी लोक तिला खासगी मेसेज करू शकतात का, त्या अॅपची वयाची अट काय आहे. टोपणनाव घेऊन लिहिणं ही साहित्यातली जुनी परंपरा आहे असं सांगितलंत तर तिला आवडेलही.

फॅन फिक्शनबद्दल तुमच्या पत्रात एक शब्द आहे, "उसनी पात्रं". तो शब्द मला जरा टोचला. दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिणं ही लिहायला शिकायची फार चांगली शाळा आहे. पात्रं आयती, त्यांचा स्वभाव वाचकाला माहीत, त्यामुळे पोरीला सगळा जोर घटनेवर आणि डायलॉगवर लावता येतो, आणि पात्र स्वभावाविरुद्ध वागलं की वाचणारी दुसरी १३ वर्षांची पोरगी तिथल्या तिथे सांगते की तो असं बोलणारच नाही. इतका काटेकोर संपादक तुम्हाला-मला तरी मिळाला होता का? ते विकायचं नसतं एवढं तिला माहीत असलं की पुरे.

आणि यातूनच तुमचा पुढचा प्रश्न, ती वाचत नाही. ताई, जी पोरगी गोष्टी लिहिते ती वाचत नाही हे मला पटत नाही. ती तुम्ही दिलेलं वाचत नाही. मोबाईलवर ती दुसऱ्यांनी लिहिलेल्या गोष्टी भागाभागाने वाचत असणार, पुढचा भाग कधी येतो म्हणून वाट बघत असणार, जशी आपण मासिकातल्या क्रमशः कादंबरीची बघायचो. स्क्रीनवरचं वाचन आणि कागदावरचं वाचन सारखं नाही हे मान्य, लांब पुस्तकाला लागणारी बैठक वेगळी असते. पण ती बैठक टोमणे मारून येत नाही. त्यापेक्षा तिला आवडलेली एक गोष्ट तिच्याकडून मागून घ्या आणि खरंच शेवटपर्यंत वाचा. कॉमिक असेल तर कॉमिक. वाचून झाल्यावर त्यात तुम्हाला न कळलेलं विचारा, मुलांना समजावून सांगायला फार आवडतं. घरात हाताशी येतील अशी पुस्तकं पडू द्या, काही तिच्या वयाच्या वरची, काही खालची. आवडलं नाही तर अर्ध्यात सोडायची मुभा द्या. तुम्ही मोठी माणसं सोडताच ना? आणि ती लहानपणीचं एखादं पुस्तक दहाव्यांदा काढून वाचत बसली तर मोठी झालीस आता असं म्हणू नका, थकलेल्या दिवशी माणूस ओळखीच्याच जागी जातो. वाचून झाल्यावर "यातून काय शिकलीस" हा प्रश्न तर घरातून कायमचा काढून टाका. या एका प्रश्नाने जेवढी मुलं पुस्तकापासून लांब गेलीत तेवढी मोबाईलनेही नेली नसतील असं माझं अनेक वर्षं मुलांत बसून झालेलं मत आहे.

आता कादंबरी.

तिने ३८व्या पानावर सोडलं याचा अर्थ तुम्ही लावलात की मी हरले. मला त्यात २ वेगळ्या गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे तिने खरं सांगितलं. हे लहान मुलांचं आहे, हे वाक्य तुम्हाला लागलं, पण ते अचूक आहे. मुलं आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या पोरांच्या गोष्टी वाचतात, १० वर्षांच्या मुलाला १२ वर्षांचा नायक हवा असतो, १३ वर्षांच्या मुलीला १५-१६ची नायिका. तुमचा नायक १२चा, म्हणजे तुमचा वाचक ९ ते ११चा. तुमची लेक ती हद्द ओलांडून गेलीय. टॉल्किन या इंग्रज लेखकाची 'हॉबिट' ही कादंबरी प्रकाशकाकडे आली तेव्हा, १९३६ साली, प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी ती आपल्या १० वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिली आणि अभिप्रायाचा एक शिलिंग मेहनताना दिला. पोराने लिहून दिलं की पुस्तक चांगलं आहे, ५ ते ९ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल. बघा, स्वतः १० वर्षांचा, आणि म्हणतो ९ पर्यंतच्यांना आवडेल! स्वतःला त्यातून बाहेर काढून मोकळा. पुस्तक १९३७ मध्ये आलं आणि जगभर गाजलं. मुलं अशीच असतात, जी इयत्ता नुकतीच सुटली तिच्याबद्दल सगळ्यात कडक असतात. तेव्हा तुमची कादंबरी चुकीची नाही, तुम्ही ती चुकीच्या वाचकाला दिलीत. ३ वर्षांपूर्वी सुरुवात केलीत तेव्हा लेक १० वर्षांची होती. तुम्ही त्या लेकीसाठी लिहीत राहिलात, आणि ती तेवढ्यात मोठी झाली.

दुसरी गोष्ट ३८व्या पानाची. मी मुद्दाम तेच पान समोर ठेवून लिहितेय.

तुमच्या ३४व्या पानावर एक प्रसंग आहे. आजी जाऊन ८ दिवस झालेत, मुलगा खोलीत एकटा आहे, खिडकीत आजीचा चष्मा तसाच आहे. तो उचलतो. डाव्या काचेवर अंगठ्याचा ठसा आहे, तेलकट. तो पुसायला सदऱ्याचं टोक धरतो आणि थांबतो. मग तसाच चष्मा डोळ्यांना लावतो, सगळं धूसर दिसतं, आणि तो तसाच बसून राहतो. ताई, हे वाचून मी पान खाली ठेवलं आणि थोडा वेळ काहीच केलं नाही. तुम्ही तिथे दुःख हा शब्द लिहिलेला नाही, रडला हा शब्द नाही. आणि ४ पानांनी, ३८व्या पानावर आजोबा आत येतात, त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि बोलायला लागतात. मरण हा आयुष्याचाच भाग आहे, माणूस जातो पण त्याचे संस्कार राहतात, तू आता मोठा झालास. हे पावणेचार पानं चालतं, मी मोजलं. मुलगा मधेमधे "हो आजोबा" म्हणतो.

तुमच्या लेकीने बरोब्बर तिथे पुस्तक मिटलंय.

तिला मरण नको होतं असं नाही. मरण ३० ते ३७ पानांवर आहेच, ते तिने वाचलं. तिला नको होता तो समजावणारा माणूस. तिने तिच्या गोष्टीत आईला पहिल्या वाक्यात बाहेर काढलं आणि तुम्ही तुमच्या गोष्टीत आजोबांना ३८व्या पानावर आत आणलंत. तिच्या गोष्टीत तुम्ही लक्षणं शोधलीत, तुमच्या गोष्टीत तुम्ही औषध घातलंत. दोन्हीकडे तुम्हाला नुसती गोष्ट पुरेशी वाटली नाही, ताई. मला वाटतं तुमच्या सगळ्या पत्रातली खरी अडचण ही आहे, लेक नाही, मोबाईल नाही, आणि कादंबरी लिहिणं तर नाहीच नाही.

मला माहितेय ते भाषण तुम्ही का लिहिलंत. मुलाला असं धूसर चष्मा लावून एकटं बसवून सोडायला आपला जीव होत नाही. कोणीतरी यावं, त्याला जवळ घ्यावं. ही माया खरी आहे पण ती आपली गरज आहे, वाचणाऱ्या मुलाची नाही. मी एकदा साधारण ११ वर्षांच्या मुलांना एका नव्या लेखकाचं हस्तलिखित वाचून दाखवत होते. २० मिनिटं सगळी गप्प. एक पोरगा दप्तराचा पट्टा हातात धरून बसलेला, हात स्थिर. मग गोष्टीत एक काकू आल्या आणि खरं बोलण्याचं महत्त्व सांगायला लागल्या. दुसऱ्या वाक्याला तो पट्टा हलायला लागला. वर खाली, वर खाली, बकल टकटक वाजतंय. काकू गेल्या, गोष्टीतली पोरं परत विहिरीपाशी आली, आणि पट्टा थांबला. त्या पोराला विचारलं असतं आवडली का गोष्ट तर तो हो म्हणाला असता, मुलं मोठ्यांना दुखवत नाहीत. पट्टा खोटं बोलत नाही.

म्हणून तुमच्या हस्तलिखितासाठी माझा सल्ला असा की ते मोठ्याने वाचून दाखवा, ९ ते ११ वर्षांच्या ४-५ मुलांना, तुमच्या नात्यातल्या नसलेल्या, आणि तुम्ही लिहिलंय हे न सांगता. जमलं तर दुसऱ्या कोणाला वाचायला बसवा आणि तुम्ही मागे बसून पेन्सिलने समासात खुणा करा, कुठे चुळबूळ झाली, कुठे कोणी पाणी प्यायला उठलं, कुठे हसले, आणि तुम्हाला अपेक्षित नव्हतं तिथे हसले का. शेवटी आवडलं का विचारू नका. मधेच थांबा आणि पुढे काय होईल ते विचारा. तिघं एकदम बोलायला लागले तर तुमचं ठीक चाललंय. उद्या पुढचं वाचणार ना असं कोणी स्वतःहून विचारलं तर फारच ठीक चाललंय. आणि स्वतः मोठ्याने वाचताना जिथे तुमचीच जीभ अडखळते ते वाक्य फोडा. तुमच्या मुलाचे डायलॉग मला पुस्तकी वाटले, "मला याचे फार वाईट वाटते आहे" असं १२ वर्षांचा पोरगा बोलत नाही. पण उगाच आजचे चलनी शब्दही कोंबू नका, ते २ वर्षांत शिळे होतात. मुलांच्या बोलण्यात जे टिकतं ते असं की ती विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत, अर्धं वाक्य सोडून देतात, विषय बदलतात. तेवढं पकडा. उद्गारला, पुटपुटला, वदला हे सगळं काढा, म्हणाला पुरतो.

लांबीचं म्हणाल तर या वयासाठी ६२ हजार शब्द जास्त आहेत, ३०-४० हजारांत ही गोष्ट छान बसेल, आणि आजोबांची भाषणं काढलीत (मला वाटतं ३८व्या पानावरचं हे एकटं नसणार) की निम्मं काम आपोआप होईल. आजीचं राहिलेलं काम मुलगा हातात घेतो ते ७०व्या पानाच्या आसपास असं तुम्ही लिहिलंय, ते फार उशिरा आहे. मुलाला काय हवंय हे वाचकाला सुरुवातीच्या १०-१५ पानांत कळू द्या. आणि ते काम पुरं करताना तो २ वेळा तरी चुकू दे, सपशेल चुकू दे, आणि निस्तरायला मोठं कोणी येऊ नये.

वडीलधाऱ्यांचं म्हणणं, मरण नको. त्यांना मान देऊनच सांगते की मराठी घरांमध्ये पिढ्यानपिढ्या मुलांच्या हातात दिलेलं पुस्तक कुठलं, तर १९३५ सालचं श्यामची आई. त्यात शेवटी आई जाते. मुलांनी ते वाचलं, रडली, परत वाचलं. शिकवण त्यात आहेच, साने गुरुजींना ती द्यायचीच होती, पण पोहायला घाबरून लपून बसलेला श्याम आधी येतो, आईचा मार आधी येतो, शिकवण त्याच्या मागून येते, आणि सांगणारा स्वतःच्या चुका लपवत नाही. मुलांना मरणाचं वावडं नसतं, त्यांच्या घरातही माणसं जातातच, आणि बऱ्याचदा तेव्हा त्यांच्याशी कोणी धड बोलत नाही. लहान वयासाठी लिहिताना काय सांभाळायचं तर हॉस्पिटलचे, शरीराचे बारकावे मुलाच्या नजरेला जेवढे दिसतील तेवढेच ठेवायचे, आणि शेवटी मुलाच्या हातात काहीतरी उरू द्यायचं, करण्यासारखं. ते तुमच्याकडे आहे, आजीचं काम. मरण काढलंत तर तो मुलगा ते काम कशासाठी करतोय हेच उरणार नाही. नका काढू.

लेकीला यात घ्यायचं का असंही तुम्ही विचारलंय. संपादक म्हणून बसवू नका, तिने एकदा मत दिलंय, परत परत मागितलंत तर ते मत राहणार नाही, आईची समजूत घालणं होईल. पण तुमच्या दोघींच्या मधे एखादी तिसरीच गोष्ट येऊ शकते. स्टीव्हन्सन हा लेखक १८८१ च्या एका पावसाळी सुट्टीत घरात अडकला होता, बरोबर त्याचा १३ वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड, बरोब्बर तुमच्या लेकीएवढा. एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगवला गेला, त्यावरून गोष्ट सुचली, मग तो रोज लिहायचा आणि लिहिलेलं घरच्यांना वाचून दाखवायचा, आणि घरचे त्यात आपापलं घालायचे. त्यातून 'ट्रेझर आयलंड' ही त्याची गाजलेली कादंबरी झाली. तुम्ही पुस्तक होण्यासाठी करू नका. एखाद्या सुट्टीत नकाशा काढा, एक प्रकरण तुम्ही, एक ती, कोणी कोणाला दुरुस्त करायचं नाही. ती नको म्हणाली तर नको. तिच्या लिखाणात तुमची जागा ती ठरवेल.

शेवटचं तुमचं वाक्य, मुलांसाठी लिहावं तरी कशाला. ३४वं पान ज्या बाईने लिहिलं तिने लिहावं की नाही हा प्रश्न मला पडत नाही. आधी लेकीशी बोलून घ्या, याच आठवड्यात. मग ३८ ते ४१ ही पानं बाजूला काढून ठेवा, फाडू नका, फक्त काढून ठेवा, आणि ३७ नंतर सरळ ४२ वाचून बघा. फार काही तुटल्यासारखं वाटलं आणि आजोबांना त्या खोलीत यायचंच असेल तर येऊ द्या, पण बोलायला लावू नका. मुलगा चष्मा काढून त्यांच्या हातात देईल, ते तो डोळ्यांना लावतील, ठसा त्यांनाही दिसेल, आणि तेही पुसणार नाहीत.